घड्याळाचा गुन्हा काय?

घड्याळावर सध्या दोन बाजूंनी फिर्याद आहे आणि दोन्ही फिर्यादी एकमेकांचं तोंड पाहायला तयार नाहीत. पहिला म्हणतो, तास-मिनिट-सेकंद हे साहेबानं जाताना मागे ठेवलेलं जोखड आहे. आपल्या घटका-पळांना, मुहूर्तांना निसर्गाचा आधार होता; तो टाकून आपण परक्याचं माप मनगटावर बांधलं. दुसरा म्हणतो, रुपयाचे शंभर पैसे केले, शेर-पायली जाऊन किलो-लिटर आले, मैलांचे किलोमीटर झाले. मग दिवसाचे चोवीस आणि तासाचे साठ हे बाबिलोनच्या काळातलं सामान अजून माळ्यावर कशाला? एकाला घड्याळ पुरेसं भारतीय वाटत नाही, दुसऱ्याला ते पुरेसं आधुनिक वाटत नाही.

वरवर पाहता ही दोन टोकं आहेत, पण दोघांची चूक एकच. मापाची लायकी त्याच्या कुळावरून ठरते, असं दोघांनीही धरून चाललंय. पहिल्याला ते कूळ परकं म्हणून नको, दुसऱ्याला जुनं म्हणून नको. माझं म्हणणं असं की मापाला कूळ विचारायचं नसतं, काम विचारायचं असतं. आणि कूळ विचारायचंच ठरवलं, तर दोघांचीही पंचाईत होते.

आधी पहिल्याचं ऐकू. २९ फेब्रुवारी २०२४ रोजी उज्जैनला ‘विक्रमादित्य वैदिक घड्याळा’चं उद्घाटन झालं. सूर्योदय ते पुढचा सूर्योदय हा दिवस, त्याचे तीस मुहूर्त, एकेक मुहूर्त ४८ मिनिटांचा. असं घड्याळ उभारायला उज्जैनइतकं योग्य गाव दुसरं नाही. भारतीय गणितज्योतिषाची मध्यरेषा त्याच गावावरून धरली जात असे. तेव्हा घड्याळाबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती अशा निमित्तांनी व्हॉट्सॲपपासून व्याख्यानमालेपर्यंत सगळीकडे ऐकवल्या जाणाऱ्या तीन वाक्यांबद्दल. साठ मिनिटं त्यांची, घटका आपली. मुहूर्त नैसर्गिक, तास कृत्रिम. आणि भर मध्यरात्री अंधारात दिवस बदलणं हा तर शुद्ध इंग्रजी खुळेपणा. यातलं एकही वाक्य आपल्याच ग्रंथांपुढे उभं राहत नाही.

साठापासून सुरुवात करू. आर्यभटानं इ.स. ४९९ च्या सुमारास ‘आर्यभटीया’त दिवसाच्या साठ नाड्या केल्या आणि नाडीच्या साठ विनाड्या. नाडी म्हणजे आपली घटका, चोवीस मिनिटांची. विनाडी म्हणजे पळ, चोवीस सेकंदांचं. पुढे पळाची साठ विपळं. साठानं भागा आणि आलेल्या भागाला पुन्हा साठानं भागा, ही रीत दोन्हीकडे एकच आहे. फरक इतकाच की आपण दिवसापासून साठानं भागू लागतो आणि घड्याळ तासापासून. ही साठी मुळात आपली की बाबिलोनची यावर पंडित भांडतात, भांडोत बापडे. पण ‘साठ त्यांचे’ म्हणून मिनिटाला घराबाहेर काढायचं असेल, तर त्याच दारानं पळालाही जावं लागेल.

आर्यभट पुढे विनाडीचे सहा प्राण सांगतो. प्राण म्हणजे एक श्वास. इथे निसर्गवाद्यांना भरून येतं: बघा, आमचं माप श्वासावर बेतलेलं! जरा गुणाकार करू. साठ गुणिले साठ गुणिले सहा, म्हणजे दिवसाचे २१,६०० प्राण. आता वर्तुळाचे अंश ३६०, प्रत्येक अंशाच्या कला साठ, कलाही २१,६००. एका प्राणात आकाश एक कला फिरतं, हे आर्यभटानं स्वतःच नोंदवून ठेवलं आहे. इतका चपखल आकडा माणसांचे श्वास मोजून येत नाही, तो गणितानं बसवूनच येतो. श्वास माणसागणिक वेगळा. जिना चढून आल्यावर तर त्याच माणसाचा वेगळा. आर्यभटानं श्वासाला वर्तुळाच्या मापात बसवलं आणि काळ व कोन एकाच हिशेबात आणले. ही त्याची थोरवी. तिला ‘निसर्गानं दिलेलं माप’ म्हणणं म्हणजे त्याच्या बुद्धीचं श्रेय काढून घेणं.

निमिषाचंही तेच. पापणी लवते तेवढा वेळ तो निमिष, याहून नैसर्गिक काय असणार? पण मनुस्मृतीत १८ निमिषांची एक काष्ठा होते आणि विष्णुपुराणात १५ निमिषांची. पुढची कोष्टकं दोन्हीकडे सारखीच: ३० काष्ठांची कला, ३० कलांचा मुहूर्त, ३० मुहूर्तांचा दिवस. सेकंदांत मांडलं तर मनूची पापणी सुमारे ०.१८ सेकंदात लवते आणि पुराणातली ०.२१ सेकंदात. त्याहून जुन्या वेदांगज्योतिषात दिवसाच्या ६०३ कला आहेत, तीसच्या पाढ्यात कुठेच न बसणाऱ्या. म्हणजे ज्याला आपण ‘वैदिक कालमापन’ असं एकवचनात म्हणतो, ती मुळात अनेक पद्धतींची गर्दी आहे. ज्यानं-त्यानं आपल्या गणिताच्या सोयीनं भाग पाडले. यात लाजण्यासारखं काही नाही. मापं अशीच घडतात.

आणि मुहूर्त खरोखर ४८ मिनिटांचा असतो का? तीसनं भागलेल्या अहोरात्राचा असतो. पण ज्या अभिजित मुहूर्तावर आपण दुकानाचा नारळ फोडतो, तो सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेच्या पंधरा भागांपैकी आठवा. मुंबईत डिसेंबर अखेरीस दिवस जेमतेम अकरा तासांचा, म्हणजे अभिजित ४४ मिनिटांचा. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात दिवस सव्वातेरा तासांच्या आसपास, म्हणजे तोच मुहूर्त ५३ मिनिटांचा. माप ऋतूनुसार ताणलं जात असेल तर त्याला निसर्गाशी एकरूप म्हणा, हवं तर. मात्र त्यावर गिरणीची पाळी लावता येत नाही, रुग्णाला औषधाची मात्रा देता येत नाही, आगगाडी सोडता येत नाही. जपानमध्येही १८७२ अखेरपर्यंत ऋतूप्रमाणे लांबणारे-आखडणारे तास होते आणि त्यांच्यासाठी काट्यांची मांडणी वर्षभर बदलत राहणारी घड्याळं तिथल्या कारागिरांनी मोठ्या कसबानं बनवली होती. १ जानेवारी १८७३ पासून जपाननं सारख्या लांबीचे तास स्वीकारले. जपान काही कुणाची वसाहत नव्हता.

घटिकापात्राकडे जरा जवळून पाहा. तांब्याची अर्धगोल वाटी, तिच्या बुडाला बारीक छिद्र. ती पाण्यानं भरलेल्या मोठ्या भांड्यात तरंगत सोडायची. छिद्रातून पाणी वर चढत जातं, वाटी जड होत जाते आणि एका क्षणी डुबकन तळाला जाते. घटका भरली. छिद्र किती मोठं असावं? सूर्यसिद्धांताचं उत्तर सरळ आहे: अहोरात्रात साठ वेळा बुडेल इतकं. म्हणजे आधी साठ हा आकडा ठरला आणि मग त्याच्या मापानं छिद्र पाडलं गेलं. पाण्याला साठ माहीत नव्हते, तांब्याला नव्हते. माणसानं ठरवलं होतं. आजही काही लग्नांत हौसेनं घटिकापात्र मांडतात, पण पत्रिकेवर शुभमुहूर्त ‘दुपारी १२ वाजून ३७ मिनिटांनी’ असाच छापलेला असतो आणि मंगलाष्टकं आवरती घेताना गुरुजींची नजर मोबाइलवर असते. पंचांगातल्या तिथीही आता अमुक वाजून तमुक मिनिटांपर्यंत असतात. परंपरेनं मिनिटाला केव्हाच घरात घेतलंय. बाहेर काढायची घाई तिच्या स्वयंघोषित वकिलांनाच आहे.

आता मध्यरात्र. ‘रात्री बाराला दिवस कसा उजाडेल?’ हा प्रश्न टाळ्या हमखास मिळवतो. पण सूर्यसिद्धांतातली दिवसांची मोजणी लंकेच्या मध्यरात्रीपासून आहे. ब्रह्मगुप्ताचं ‘खंडखाद्यक’ (इ.स. ६६५) मध्यरात्रीपासूनच मोजतं. खुद्द आर्यभटाच्या नावावर दोन पद्धती आहेत: सूर्योदयापासूनची औदयिक आणि मध्यरात्रीपासूनची आर्धरात्रिक. कारण उघड आहे. सूर्योदय रोज सरकतो. मध्यरात्र त्या मानानं स्थिर. आपल्या गणितींना हे इंग्रज इकडे यायच्या हजार वर्षं आधी कळलेलं होतं.

पण स्वदेशीच्या या फिर्यादीचा खरा निकाल आपले वार लावतात. कागद-पेन्सिल घ्या. ग्रह त्यांच्या गतीप्रमाणे, सर्वांत मंद तो पहिला, असे मांडा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाच्या प्रत्येक होऱ्याला, म्हणजे तासाला, ओळीनं एकेक ग्रह द्या. पहिला तास शनीचा, तर आठवा, पंधरावा आणि बाविसावाही शनीचाच. तेविसावा गुरूचा, चोविसावा मंगळाचा. दिवस संपला. पुढच्या दिवसाचा पहिला तास रवीचा. शनिवारनंतर रविवार. तिथून असंच मोजत गेलात की सोमवार, मंगळवार, बुधवार असा अख्खा आठवडा बिनचूक उलगडतो.

आता हाच खेळ तीस मुहूर्तांवर खेळा. एकोणतिसावा मुहूर्त शनीचा, तिसावा गुरूचा. पुढचा दिवस मंगळाचा. शनिवारनंतर मंगळवार! साठ घटकांवर खेळा: सत्तावन्नावी शनीची, साठावी रवीची, पुढचा दिवस शुक्राचा. शनिवारनंतर शुक्रवार! आपण ज्या क्रमानं वार म्हणतो, सोमवारी शंकराला आणि शनिवारी मारुतीला जातो, तो क्रम या तिन्हींपैकी फक्त चोवीस तासांतूनच निघतो. आर्यभटानंही वारांचा क्रम याच रीतीनं सांगितला आहे. वाराचा उल्लेख असलेला भारतातला सर्वांत जुना निश्चित कालोल्लेख मध्य प्रदेशात एरणच्या शिलालेखात आहे, बुधगुप्ताच्या काळातला, इ.स. ४८४ चा, तो दिवस गुरुवार. म्हणजे चोवीस तासांचा दिवस आपल्या देवघरात येऊन बसल्याला दीड हजार वर्षं होऊन गेली. तो ग्रीक-रोमन ज्योतिषाबरोबर आला. आपल्या पूर्वजांनी तो घेतला, आपल्या साठ घटका त्याच्या शेजारी ठेवल्या आणि दोन्हींवर हिशेब चालवला. परक्या आकड्यानं बाटायची भीती त्यांना नव्हती. ती अलीकडची आहे.

यावर पहिला फिर्यादी पवित्रा बदलतो. ‘आकडे असतील कुठलेही, पण घड्याळाची सक्ती तर इंग्रजांनीच केली ना?’ हो, केली. पण सक्ती कशाची झाली, हे नीट पाहायला हवं. १ जानेवारी १९०६ पासून सरकारनं भारतीय प्रमाणवेळ लागू केली. मुंबईची स्थानिक वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे. मुंबईकरांनी ती वेळ सहजासहजी मानली नाही. शहरात ‘मुंबई टाइम’ थेट १९५५ पर्यंत तग धरून होता. स्वाभिमानाचं भांडण होतं आणि रास्तही होतं. पण भांडण काटे कुठे लावायचे याचं होतं. तासाचे साठच भाग का, हा प्रश्न त्या भांडणात नव्हता. सत्ता घड्याळात शिरते ती शून्य कुठे धरायचं, भोंगा केव्हा वाजवायचा आणि कुणाला किती वेळ राबवायचं या वाटांनी. साठाच्या भागाकारात ती नसते.

उलट, मोजलेला तास हे दुबळ्याच्या हातातलं हत्यार ठरतं. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं मुंबईच्या गिरणी कामगारांनी सरकारपुढे मागण्या मांडल्या: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंत. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली. त्या तिसऱ्या मागणीतली वेळ पाहा. तिचं एक टोक घड्याळावर आहे आणि दुसरं आकाशावर. यातलं आकाशावरचं टोक मालकाच्या सोयीचं. उन्हाळ्यात सूर्य उशिरा मावळतो, म्हणजे कामगार जास्त राबतो, आणि त्याबद्दल कुणाला जाब विचारायची सोय नाही, कारण सूर्य काही गिरणीच्या पगारावर नव्हता. कायद्यानं पुढे कामाचा दिवस आखला तो तासांतच: १९११ मध्ये कापड गिरण्यांत बारा तास, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा, १९४८ मध्ये नऊ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस. ‘निसर्गाला धरून’ चालणाऱ्या मुहूर्तांत ही कपात मागताच आली नसती. जूनचा मुहूर्त डिसेंबरच्या मुहूर्तापेक्षा नऊ मिनिटांनी मोठा असेल, तर कामगारानं कोणत्या मुहूर्तावर बोट ठेवायचं?

आता दुसऱ्या फिर्यादीकडे वळू. त्याचं म्हणणं जास्त नीटनेटकं असतं, म्हणून जास्त फसवं. १७ वाजून ४५ मिनिटांत २ तास ३५ मिनिटं मिळवताना हातचा साठाचा घ्यावा लागतो, मुलं चुकतात, तक्ते किचकट होतात, हे त्याचं खरं आहे. पण त्यावरचा त्याचा इलाज एकदा करून झालेला आहे, आणि तोही दशमानाची ज्यांना मनापासून चाड होती अशा लोकांकडून. फ्रेंच क्रांतीच्या सरकारनं १७९३ साली दिवसाचे दहा तास, तासाची शंभर मिनिटं, मिनिटाचे शंभर सेकंद असा कायदा केला. एक दशमान तास म्हणजे आपले २ तास २४ मिनिटं. दशमान सेकंद आपल्या सेकंदापेक्षा थोडा आखूड, ०.८६४ एवढा. नव्या तबकड्यांची घड्याळं बनली. काहींवर दहाचं आणि बाराचं अशी दोन्ही वर्तुळं होती. २२ सप्टेंबर १७९४ पासून ही वेळ सक्तीची झाली आणि ७ एप्रिल १७९५ ला ती बेमुदत स्थगित झाली. सगळा कारभार साडेसहा महिन्यांचा. आणि ज्या कायद्यानं ती स्थगित केली, त्याच कायद्यानं मीटर-ग्रॅमची पद्धत पक्की केली. ज्यांनी जगाला दशमान मापं दिली, त्यांनीच एका हातानं मीटर उभा करताना दुसऱ्या हातानं दशमान तास खाली ठेवला. त्यांना दहाची किंमत कळत नव्हती, असं कोण म्हणेल?

तरीही हौस फिटली नाही. १८९७ साली फ्रान्समध्ये पुन्हा एक समिती बसली. आंरी प्वांकारे यांच्यासारखा गणिती तिचा सचिव. दिवसाचे तास चोवीसच ठेवू, पण तासाची मिनिटं शंभर करू, अशी मधली वाट निघाली. १९०० साली तीही सोडून दिली गेली. पुढे १९९८ मध्ये स्वॉच कंपनीनं इंटरनेटसाठी दिवसाचे हजार ‘बीट’ काढले. ते आज कुणी वापरताना दिसतं का?

पण फ्रान्सपेक्षा बोलका दाखला चीनचा आहे. चीनमध्ये शेकडो वर्षं दिवसाचे शंभर ‘क’ होते, आणि त्याच वेळी दिवसाचे बारा प्रहरही होते. शंभराला बारानं भाग जात नाही. प्रत्येक प्रहरात आठ पूर्ण ‘क’ आणि एक तृतीयांश उरलेला. वर्षानुवर्षं सरकारी ज्योतिषी हा तुकडा कुठे बसवायचा या खटपटीत. अखेर सतराव्या शतकात, छिंग राजवटीत, जेझुइट ज्योतिषांच्या सुधारणेत शंभराचे शहाण्णव केले गेले आणि ‘क’ बरोबर पंधरा मिनिटांचा झाला. शंभर हातात असलेल्या एवढ्या मोठ्या संस्कृतीनं शंभर सोडून शहाण्णव घेतले, कारण शहाण्णवची वाटणी होते.

दशमानवाल्यांचा सगळा घोटाळा इथेच आहे. दहा हा लिहायला सोयीचा आकडा आहे, वाटायला नाही. शंभराला नऊ संख्यांनी भाग जातो. साठाला बारा संख्यांनी. एक ते सहा या सर्व संख्यांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या साठ. आणि वेळ ही मुख्यतः वाटायची वस्तू आहे. इस्पितळात, पोलीस चौकीत, कारखान्यात दिवसाच्या तीन पाळ्या लागतात. चोवीसचे तीन आठ होतात, दहाचे तीन काही केल्या होत नाहीत. तासिका तीस मिनिटांची, पस्तीसची की चाळीसची यावर शाळेचं वेळापत्रक हलतं. लोकल दर तीन मिनिटांनी, दर चार मिनिटांनी, दर बारा मिनिटांनी सोडता येते आणि तास पुरा होताना उरत काही नाही. शंभर मिनिटांच्या तासात दर तीन मिनिटांनी गाडी सोडून बघा. प्रत्येक तासाला वेळापत्रक एका मिनिटानं सरकेल.

‘पण रुपयाचे शंभर पैसे केलेच ना?’ केले, १ एप्रिल १९५७ ला. वजनमापांचं दशमान १९५८ पासून टप्प्याटप्प्यानं आलं. पण ते का जिंकलं? केवळ दहाच्या गुणामुळे नव्हे. शेर गावागणिक वेगळा होता, पायली तालुक्यागणिक वेगळी. कोकणातल्या खंडीचं देशावर भलतंच काही होई आणि त्या फरकात अडते नि सावकार आपलं पोट भरून घेत. मीटर-किलोनं तो घोळ मिटवला. त्यांचा खरा विजय एकसारखेपणाचा आहे. दहा त्याच्याबरोबर आला. वेळेत असा घोळ नव्हताच. क्रांतीच्या पॅरिसमध्ये, लंडनमध्ये, मक्केत नि पेशव्यांच्या पुण्यात ठेवलेली यांत्रिक घड्याळं एकाच लांबीचा तास दाखवत होती. दुखणं नसताना औषध द्यायला गेलात, तर रोगी ते थुंकून टाकणारच.

शिवाय वेळ एकटी नाही, ती वर्तुळाशी बांधलेली आहे. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला पंधरा अंश, अंशाला चार मिनिटं. मुंबईचा रेखांश ७२ अंश ५० कला. ७२ ला चारानं गुणा, २८८ मिनिटं; उरलेल्या पन्नास कलांची आणखी तीन-सव्वातीन. झाली २९१, म्हणजे ४ तास ५१ मिनिटं. ग्रिनिचपेक्षा मुंबईची स्थानिक वेळ नेमकी इतकीच पुढे. नकाशा आणि घड्याळ यांच्यातली ही ये-जा आर्यभटाच्या प्राण-कलेतलीच आहे, फक्त आकडे बदललेत. दिवसाचे दहा तास करायचे तर वर्तुळ मोडायला हवं, वर्तुळ मोडायचं तर जगातले सगळे नकाशे आणि आकाशाच्या सगळ्या सारण्या नव्यानं लिहायला हव्यात. १८९७ च्या समितीला याचाच अडसर झाला. शिवाय तोवर विजेची मापंही सेकंदावर बेतली गेली होती.

हे चोवीस आणि साठ आले कुठून, या प्रश्नाचं उत्तर आता थोडक्यात देता येईल. बारा इजिप्तचे: रात्री क्रमानं उगवणाऱ्या तारकापुंजांवरून त्यांनी रात्रीचे बारा भाग केले, इ.स.पू. २१०० च्या आसपासच्या शवपेट्यांच्या झाकणांवर त्या ताऱ्यांचे तक्ते रंगवलेले आहेत. दिवसाचेही बारा झाले. साठ बाबिलोनचे. सगळे तास सारख्या लांबीचे करण्याची कल्पना इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या हिप्पार्कसची, आणि साठाच्या अपूर्णांकांत सारं आकाश मांडणारा टॉलेमी त्यानंतर सुमारे तीनशे वर्षांनी. तासाचे साठ, त्याचे साठ आणि पुढेही तिसऱ्या-चौथ्या पायरीपर्यंत साठच, असं मोजून अमावास्येची वेळ सांगणारा इ.स. १००० च्या सुमाराचा अल् बेरूनी. मिनिटाला घड्याळाच्या तबकडीवर कायमची जागा मिळाली ती १६५६ साली हायगेन्सनं लंबक बसवल्यानंतरच, कारण त्याआधीची घड्याळं दिवसाला पंधरा-पंधरा मिनिटं पुढे-मागे होत. साठाची तिसरी पायरी तबकडीवर रुळली नाही. सेकंदाच्या आतलं मोजायची वेळ आली तेव्हा दशांश हाताशी होता, म्हणून आपण मिलिसेकंद म्हणतो. हे माप कुणा एकाच्या बापाचं नाही आणि ते सोवळंही नाही: वर चोवीस, मध्ये साठ, खाली दहा. प्रत्येकानं आपल्या कामापुरतं घेतलं, पुढच्यानं त्यात भर घातली.

निसर्गाचा मुद्दाही इथेच संपतो. लंबकाचं घड्याळ आलं तेव्हा उघड झालं की सूर्यच वेळ पाळत नाही. छायायंत्रावरची दुपार नोव्हेंबरात घड्याळापेक्षा सोळा मिनिटं पुढे असते आणि फेब्रुवारीत चौदा मिनिटं मागे. आपल्या सिद्धांतग्रंथांत भुजांतर आणि उदयांतर हे दोन संस्कार यासाठीच सांगितलेत. पुढे पृथ्वीचं फिरणंही मंदावत असल्याचं दिसलं, तेव्हा १९६७ मध्ये सेकंद सूर्यापासून सोडवून सीझियमच्या अणूला बांधला: ९,१९,२६,३१,७७० स्पंदनं म्हणजे एक सेकंद. दिवस आणि घड्याळ यांच्यात पडणारी तूट भरायला १९७२ पासून २०१६ अखेरपर्यंत सत्तावीस लीप सेकंद घालावे लागले, आणि ही ठिगळं २०३५ पर्यंत बंद करायची असं २०२२ मध्ये ठरलं. निसर्गाला धरून चालणं हीच कसोटी असेल, तर तिच्यावर तास नापास, मुहूर्त नापास आणि दशमान तासही नापास. वर्गात एकटा बसलेला दिवस, तोही काठावर पास.

म्हणून भांडायचंच असेल तर भांडण्याजोगं भरपूर आहे. देशाचं पूर्व-पश्चिम अंतर एकोणतीस अंशांचं, म्हणजे सूर्याच्या हिशेबात जवळजवळ दोन तासांचं, आणि घड्याळ मात्र एकच. आसामच्या चहाच्या मळ्यांत म्हणूनच आजही ‘बागान टाइम’ एक तास पुढे चालतो. एका प्रमाणवेळेनं पूर्वेकडच्या मुलांची शाळा आणि शेतमजुराचं ऊन कसं वाया जातं, यावर संसदेत वाद घाला. कामाचे तास वाढवायची भाषा अधूनमधून होते. ती करणाऱ्याला विचारा की १९११ पासून खाली आणलेला आकडा पुन्हा वर का जावा. आठ तासांच्या पाळीत घरून कारखान्यापर्यंत जाण्यायेण्याचे तीन तास कुणाच्या खात्यावर, हेही विचारा. हे सगळे वाद माणसाच्या वेळेचे आहेत आणि ते घालायला तास-मिनिटांचं मापच लागतं, कारण दोन्ही पक्षांना मान्य असलेलं तेवढं एकच आहे. ते मोडून मुहूर्त आणा किंवा शंभर मिनिटांचा तास आणा, मालकाचं काही बिघडणार नाही. ज्याच्याकडे विकायला वेळेशिवाय दुसरं काहीच नाही, त्याचा हिशेब तेवढा हरवेल.